कालची, घरची, खरी

शाळेत परिपाठ झाला की वरच्या वर्गातली मुलं पेपरातली बातमी वाचून दाखवतात. माझी पोरं पहिलीची. त्यांना 'कमळ' वाचताना घाम फुटतो, पेपर कुठला वाचणार? पण सांगायची हौस मात्र दांडगी. म्हणून मी त्यांच्यासाठी वेगळी रीत काढली. मी वर्गात आले की पहिली दहा मिनिटं घरच्या बातम्या. नियम तीन. बातमी कालची हवी, स्वतःच्या घरची हवी आणि खरी हवी. सांगणाऱ्यानं माझ्या टेबलाजवळ उभं राहायचं. बाकीच्यांनी तीनच प्रश्न विचारायचे, चौथा नाही. मग सगळ्यांनी एकदम म्हणायचं, "ऐकली!" तसं म्हटल्याशिवाय बातमी पुरी होत नाही. आणि बातमी खोटी निघाली, तर सांगणाऱ्याची आठ दिवस बातमी बंद.

हा शिक्षेचा नियमही माझाच. तेव्हा मला तो फार शहाणपणाचा वाटला होता.

मरोळच्या आमच्या शाळेत मराठी माध्यमाची पहिलीची एकच तुकडी उरली आहे. बरीचशी मुलं कोकणातल्या घरांतली. कुणाचे आजोबा गिरणीत होते, आता बाबा कुठे सिक्युरिटीत, कुठे कुरिअरमध्ये. दोघं-तिघं गावठाणातल्या ख्रिस्ती घरांतली. या सगळ्यांच्या घरात काय शिजतं, कोण कुणाशी बोलत नाही, हे मला रोज सकाळी साडेसातला कळायचं.

"काल बाबांनी भांडी घासली. कारण आई बोलत नव्हती." ऐकली!

"काल आजोबांचे दात ग्लासात ठेवले होते. मांजरीनं ग्लास पाडला." यावर पहिला प्रश्न आला, "दात मांजरीला चावले का?" सांगणारा गंभीरपणे म्हणाला, "नाही. आजोबा घरी नव्हते." हे उत्तर सगळ्या वर्गाला पटलं. मी फळ्याकडे तोंड करून हसून घेतलं.

"आमच्या घरी बाळ होणार आहे. पण आई म्हणाली, बाईंना सांगू नकोस." ऐकली!

एक मुलगा होता, त्याची कुठलीही बातमी असो, शेवट ठरलेला. काल पाहुणे आले, आणि मग वाट लागली. काल आम्ही पवईला तलाव बघायला गेलो, आणि मग वाट लागली. मी एकदा विचारलं, "अरे, रोज तुमची वाट कशी लागते?" तर म्हणे, "आजी म्हणते." एक चिमुरडी होती, तिला मी मॉनिटर केली होती, कारण तिला माझ्यापेक्षा नियम जास्त पाठ. आमच्या मोठ्या बाईंना शुगर आहे, हे सगळ्या शाळेला माहीत. एकदा एका मुलीनं सांगितलं, "काल मोठ्या बाई आमच्या घराखालच्या दुकानात उभ्या राहून जिलबी खात होत्या." मॉनिटर उठली, "बाई, ही घरची बातमी नाही." सांगणारी म्हणाली, "घराखालची आहे." मी निकाल दिला, घराखालची म्हणजे घरचीच. तेवढ्यात दाराकडे बघते तर मोठ्या बाई परिपत्रक घेऊन उभ्या! त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि निघून गेल्या. पुढचे काही दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलायच्या.

तर अशी मजा चालायची. पण मला सांगायचंय ते एका मुलीचं.

दोन घट्ट वेण्या, रिबिनी कायम स्वच्छ. आई मरोळच्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पॅकिंगच्या कामाला. वडील तिथेच टेम्पो चालवायचे. शाळा सुरू व्हायच्या आधी, मे महिन्यात, टेम्पोतच छातीत कळ आली आणि गेले. प्रवेशाच्या फॉर्मवर आईनं 'मयत' लिहायला सांगितलं, तेव्हा मुलगी शेजारीच उभी होती. मी डोळ्यांनीच आईला विचारलं. ती म्हणाली, "तिका सगळा ठावक आसा, बाई. तिच्या समोरच घेऊन गेले."

म्हणजे मुलीला माहीत होतं. आणि तरी जुलैपासून तिची बातमी एकच. "काल बाबा आले. येताना भजी आणली." आठवड्यानं पुन्हा, "काल बाबा आले. येताना रबराचा साप आणला." एकदा फुगा, एकदा पेरू. पोरं प्रश्न विचारायची, साप किती मोठा, पेरू आतून लाल का पांढरा. ती सगळ्याची नीट उत्तरं द्यायची. पेरू लाल होता. "ऐकली!" झालं की वेण्या मागे टाकून जागेवर जाऊन बसायची. मला आतून टोचायचं. ही खोटं बोलते आणि मी चालवून घेते, माझ्याच वर्गात माझाच नियम! पण मी गप्प राहिले, हे माझं त्यातल्या त्यात बरं.

गणपती झाले. त्या दिवशी माझं डोकं सकाळीच फिरलेलं. मी नाहूरला राहते. तिथून बसनं पवईवरून मरोळला येते. बसमध्ये गॅस एजन्सीचा फोन आला. कनेक्शन माझ्या मिस्टरांच्या नावावर. फोनवरची मुलगी म्हणाली, "सरांना फोन द्या." म्हटलं, "ते नाहीत." ती म्हणाली, "मग कधी येतील, मॅडम?" माझे मिस्टर फेब्रुवारीत गेले. मी फोन कट केला आणि शाळेपर्यंत त्या फोनवरच्या पोरीला मनात शिव्या घालत आले.

वर्गात दोन वेण्यांच्या त्या मुलीनं हात वर केला. "काल बाबा आले. येताना मोदक आणले."

तो वाट लागणारा मुलगा उठला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याला प्रश्नच पडला होता. "माझी आई म्हणते, तुझे बाबा मेले. मग कसे आले?"

ती माझ्याकडे बघायला लागली. मग सगळेच माझ्याकडे बघायला लागले. मॉनिटरनं विचारलं, "बाई, बातमी खरी का खोटी?"

मी सांभाळून घेऊ शकले असते. शंभर वाटा होत्या. "चला, वह्या काढा" म्हटलं असतं तरी पोरं विसरली असती. पण माझा राग नाकावर, आणि त्या दिवशी तर तो नाकाच्याही पुढे होता. मी म्हणाले, "खोटी. आठ दिवस बातमी बंद. बस खाली."

"ऐकली" कुणी म्हटलं नाही. ती जागेवर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना तिनं "हजर" म्हटलं नाही, नुसतं बोट वर केलं. मला वाटलं, रुसली असेल. आठ दिवस झाले, शिक्षा संपली, मी म्हटलं, "चल, आता तुझी बातमी येऊ दे." तिनं मान खाली घातली. कविता म्हणताना ओठ बंद. पाढे म्हणताना ओठ बंद. शेजारची तिच्या वतीनं सांगायची, "बाई, ती हजर आहे, पण बोलत नाही." "बाई, तिला पाणी प्यायला जायचंय, पण ती सांगणार नाही." पोरांनी तर तिची भाषाच बसवली. एक बोट म्हणजे हजर, दोन बोटं म्हणजे पाणी. दुसरं कुणी असतं तर मी हसले असते. मला हसू येत नव्हतं. मी तिला जवळ घेऊन पाहिलं, चॉकलेट दिलं, रंगीत खडू दिले. सगळं नीट दप्तरात ठेवायची आणि माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही.

दसरा झाल्यावर तिची आई आली. कामावरून तशीच आलेली, ओढणीला खोक्यांच्या कागदाचा भुसा. म्हणाली, "बाई, घरात पण बोलणा नाय. एक शब्द नाय. शाळेत काय झाला काय?"

मी म्हणाले, "नाही हो, काही नाही."

लाज वाटते लिहिताना, पण हेच म्हणाले.

ती म्हणाली, गावाहून भाऊ सारखा फोन करतोय, पोरीला इकडे आणून सोड, मोकळ्यात खेळेल, बोलायला लागेल. दिवाळीच्या सुट्टीत तिला नेऊन ठेवणार आणि शाळाही तिकडचीच करणार. बॅगसुद्धा भरून ठेवली होती. "माका इकडे कामावर यावाच लागतला. ती तिकडे, मी इकडे. पण करतलंय काय? बापूस गेलो, आता हिची वाचा पण गेली." ओढणीनं डोळे पुसून ती परत कामावर गेली.

बाप गेला, आता माझ्यामुळे पोरीची आईही तुटणार होती. तरी मी तिच्या मागे धावून खरं सांगितलं नाही. दोन दिवस नुसती स्वतःवर चिडचिड करत राहिले आणि ती चिडचिड मात्र वर्गावर काढली.

आता आमच्या बिल्डिंगखालच्या भाजीवालीचं सांगायला हवं. माझे मिस्टर असताना भाजी आणायचं काम त्यांचं. ऑफिसातून येताना तिच्याकडे थांबणार, अर्धा तास गप्पा मारणार आणि भाजीबरोबर चिकू आणणार. चिकूचं त्यांना वेड. तेही असे पिकलेले की पिशवीतच लगदा व्हायचा. मी ओरडायचे, "दाबून बघता येत नाही का एकदा?" ते म्हणायचे, "दाबला की दुखतं त्याला."

ते गेल्यावर पहिल्यांदा मी खाली उतरले, तेव्हा तिच्यापुढे बायकांची गर्दी होती. तिनं विचारलं, "साहेब दिसले नाहीत बरेच दिवस?" सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. भेंडी निवडता निवडता ते सगळं सांगायचं, मग त्यांचे चेहरे, मग "अगं बाई, कधी? कसं?" माझ्यानं झालं नाही. मी म्हणाले, "गावाला गेलेत." ती म्हणाली, "बरं."

त्यानंतर तिनं परत कधी विचारलं नाही. मीच सांगायचे. भाजी कमी घेतली की, "हे गावाला आहेत ना." दुधी नको, "हे गावाला आहेत, एकटीला संपत नाही." आठ महिने.

त्या संध्याकाळी बसमधून उतरले, तर तिनं हाक मारली, "बाई, चिकू आलेत चांगले. देऊ?"

"नको गं. हे गावाला आहेत, खाणार कोण?"

"बरं. आले की न्या," ती म्हणाली.

जिन्यात पहिल्या मजल्यावर पोचले आणि पाय थांबले. माझा आवाज माझ्याच कानात वाजला. हे गावाला आहेत. काल बाबा आले. अगं बयो, म्हटलं, तू सहा वर्षांच्या पोरीला खोटारडी ठरवलीस आणि तू पन्नास उलटून हेच करतेस! तिथेच पायरीवर बसले आणि रडले. वरची शेजारीण उतरत होती, तिला सांगितलं, गुडघा दुखतोय. म्हणजे खोटं अजून चालूच.

दुसऱ्या दिवशी हजेरी झाली. सुट्टीला दोनच दिवस राहिले होते. मी खुर्चीतून उठले आणि टेबलाजवळ, मुलं उभी राहतात तिथे, जाऊन उभी राहिले. "आज माझी बातमी."

पोरांना कोण आनंद झाला! बाईंची बातमी कधी झालीच नव्हती. मॉनिटरनं विचारलं, "कालची, घरची, खरी?"

"तिन्ही," मी म्हणाले. "काल मी भाजीवालीला खोटं सांगितलं. म्हटलं, आमचे हे गावाला गेलेत. ते गावाला नाही गेले. ते वारले. मला ते सांगायला जमत नाही, म्हणून मी आठ महिने तिला खोटं सांगते."

मी हे सगळं पाठ करून आले होते.

पहिला प्रश्न त्या वाट लागणाऱ्या मुलानं विचारला. "मग भाजीवाली आता तुम्हाला भाजी देणार नाही?"

"माहीत नाही रे. देईल बहुतेक."

दुसरा मॉनिटरचा. प्रश्न कसला, निकालच. "बाई, मग तुमची पण आठ दिवस बातमी बंद ना?"

"हो, बंद," मी म्हणाले. "पण त्याआधी एक सांगते. आपल्या वर्गात एकीनं बातमी सांगितली होती आणि मी तिला शिक्षा केली. ती शिक्षा चुकीची होती. तिची बातमी आपण ऐकायला हवी होती. चूक तिची नव्हती, माझी होती." आणि मी तिच्याकडे बघून कान पकडले. दोन-चार जणांना हसू आलं. बाईंनी कान पकडलेले त्यांनी कधी पाहिले नव्हते.

एक प्रश्न उरला होता. मग तिसऱ्या बाकावरचं एक बोट वर झालं. मला वाटलं, हजेरीचंच बोट. मी म्हटलं, "हो गं, आहेस तू हजर."

ती उभी राहिली. महिनाभर न वापरलेला आवाज, आधी नुसता खरखरला. मग म्हणाली, "येताना काय आणायचे?"

आठ महिन्यांत मला किती लोक भेटून गेले. कसे गेले, कधी गेले, आधी काही त्रास होता का, सगळं सगळ्यांनी विचारलं होतं. हे कुणी विचारलं नव्हतं.

"चिकू," मी म्हणाले. "एकदम मऊ झालेले. मी त्यांना ओरडायचे."

तिनं मान डोलावली आणि खाली बसली. मग कुणीतरी म्हटलं, "ऐकली!" आणि मग सगळ्यांनी.

शाळा सुटल्यावर मी तिच्या आईला गाठलं आणि शिक्षेपासून सगळं सांगितलं, काहीही न लपवता. ती म्हणाली, "तेव्हाच का नाय सांगितलात, बाई? मी विचारलंय तुमका. मी तिका मारलंय पण. बोल म्हणून." तिनं मुलीचा हात धरला आणि चालायला लागली. बॅगेचं विचारायचा मला अधिकार नव्हता.

संध्याकाळी भाजीवालीपुढे गर्दी होती. तरी मी सांगितलं. "साहेब गावाला नाहीत गं. ते फेब्रुवारीतच गेले. मी तुला खोटं सांगत होते."

ती मेथीच्या जुड्यांवर पाणी मारत होती. हात न थांबवता म्हणाली, "मला माहीत आहे, बाई. मी तुम्हाला विचारलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुमच्या वॉचमननं सांगितलं होतं."

"मग तू बोलली नाहीस कधी?"

"तुम्ही म्हणालात गावाला. मी म्हटलं बरं." आणि तिनं शेजारच्या बाईला विचारलं, "मेथी एक का दोन?"

म्हणजे आठ महिने ती माझी बातमी ऐकून घेत होती. सगळं माहीत असून. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नसेल. आणि मी डी.एड. झालेली, तीस वर्षं मुलांत काढलेली, मला एक दिवस ते जमलं नव्हतं. मी पाव किलो चिकू घेतले. दाबून न बघता.

सुट्टी लागायच्या दिवशी वर्गात कुणाचं लक्ष नव्हतं. अर्धी पोरं किल्ल्याच्या मातीबद्दल बोलत होती. तरी बातम्या झाल्या. शेवटी तिचा हात वर झाला. मी काहीच बोलले नाही, नुसती बाजूला सरकले. ती टेबलाजवळ येऊन उभी राहिली आणि आधी वेण्या मागे टाकल्या.

"काल आईनं गावची बॅग उघडली. माझे फ्रॉक परत कपाटात ठेवले."

"किती फ्रॉक?" कुणीतरी विचारलं.

"चार. एक आखूड झालाय."

मॉनिटरनं विचारलं, "म्हणजे सुट्टीनंतर तू इथेच?"

"इथेच."

मग तो वाट लागणारा मुलगा उठला. माझा जीव टांगणीला लागला. हा आता काय विचारतो? त्यानं जरा विचार केला आणि विचारलं, "आणि तुझ्या बाबांनी येताना काय आणलं?"

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. त्याच्याकडेच बघून, आठवून सांगावं तसं म्हणाली, "काल काही नाही आणलं."

सगळा वर्ग म्हणाला, "ऐकली!" सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.